ठोक्यांमधलं अंतर

नौपाड्यात डॉ. श्रीपाद ओकांच्या दवाखान्यात शकू भालेराव कामाला लागली ती केर-लादीला. वय पंचवीस. नवरा काविळीने गेला त्याला वर्ष व्हायचं होतं, मूलबाळ नव्हतं, आणि आंबिवलीला बापाच्या घरी परत आल्यावर तिला बसून खायची लाज वाटत होती. बाप दगडू पगारे रेल्वेत गँगमन. तो म्हणाला, "घरात खायला आहे, पोरी. कशाला जातेस ठाण्यापर्यंत?" पण शकू गेली. आणि गेली ती एकतीस वर्षं जातच राहिली.

दवाखान्यात ईसीजी काढायला एक बाई होत्या, त्या बाळंतपणाला गेल्या आणि परत आल्याच नाहीत. डॉक्टरांनी आठवडाभर वाट बघितली, मग एके सकाळी लादी पुसणाऱ्या शकूला हाक मारली. "दहावी पास आहेस ना? हात धुऊन ये." तिचं शिक्षण असं सुरू झालं. कुठल्या फासळीपाशी कुठली वाटी लावायची, थरथरणाऱ्या म्हाताऱ्याला कसं शांत करायचं, जेली लावायच्या आधी "गार लागेल हां" म्हणायचं, हे ती महिन्याभरात शिकली. ईसीजीची पट्टी वाचायला मात्र ती वर्षानुवर्षं शिकत राहिली. दुपारी पेशंट ओसरले की डॉक्टर जुन्या पट्ट्या टेबलावर पसरत आणि विचारत, "यात काय दिसतं तुला?"

पहिल्याच वर्षी एका कॉलेजातल्या मुलाची पट्टी तिने तीनदा काढली होती. ठोके सारख्या अंतराने येत नव्हते. पट्टीवरची दोन उंच टोकं जवळ, पुढची दोन लांब. मशीन बिघडलं म्हणून ती घाबरत सांगायला गेली, तर डॉक्टर हसले.

"मशीन धड आहे आणि मुलगाही धड आहे. श्वास आत घेतला की ठोके जवळ येतात, सोडला की लांब जातात. तरुण, निरोगी हृदय असंच चालतं. उलट एकाएकी घड्याळासारखं चालायला लागलं, तर समजावं की शरीर कसल्यातरी पेचात आहे."

"कसल्या?"

"ताप असेल, दुखणं असेल, भीती असेल. कुठेतरी रक्त वाहत असेल. पट्टी कारण सांगत नाही. ते आपण शोधायचं."

मग त्यांनी तिला कागदाची युक्ती दाखवली. कोऱ्या कागदाची कड पट्टीवर ठेवायची, चार टोकांपाशी पेन्सिलीने चार खुणा करायच्या आणि कागद पुढे सरकवायचा. खुणा पुढच्या टोकांवरही अचूक बसल्या, तर ठोके एकसारखे. नाही बसल्या, तर नाहीत. इतकं सोपं.

शिकवलं तसा एक नियमही घालून दिला. पट्टीत काय दिसतं ते पेशंटला बोलायचं नाही. ते डॉक्टरांचं काम. एकतीस वर्षांत शकूने तो नियम मोडला नाही. "ताई, नॉर्मल आहे ना?" असं कुणी काकुळतीने विचारलं, तरी ती "डॉक्टर सांगतील" म्हणून कागद फाडायची आणि चेहरा कोरा ठेवायची. डॉ. ओक थकले, चौऱ्याऐंशीचे झाले, दवाखाना त्यांच्या पुतण्याने घेतला, तरी शकू तशीच राहिली.

आंबिवलीला ती धाकट्या भावाच्या, राजरत्नच्याच इमारतीत राहायची. तो दुसऱ्या मजल्यावर, ही पहिल्या. राजरत्न वायरमन, त्याची बायको मेघना बालवाडीत शिकवायची, आणि त्यांची एकुलती एक रुचिता एकवीस वर्षांची. रुचिता कबड्डी खेळायची आणि पोलीस भरतीची तयारी करायची. पहाटे पाचला पळायला निघताना ती आत्याच्या दारावर एक थाप मारून जायची, तीच शकूची उठायची वेळ.

भरतीच्या तयारीसाठी तिला फिटनेसचा दाखला हवा होता, म्हणून फेब्रुवारीत शकूनेच तिचा ईसीजी काढला होता. मिनिटाला बावन्न ठोके. रोज पळणाऱ्या पोरीचं हृदय असंच सावकाश चालतं, हे शकूला ठाऊक होतं. आणि ठोक्यांमधलं अंतर तर असं ऐसपैस कमी-जास्त होत होतं की कागदाच्या खुणा कुठेच बसेनात. रुचिताने त्या पट्टीचा फोटो काढून स्टेटसला टाकला, खाली लिहिलं, 'आत्या म्हणते दिल एकदम फिट'. आत्या असं काहीएक म्हणाली नव्हती.

जूनमधल्या एका शनिवारी संध्याकाळी टिटवाळ्याला सामना होता. चढाई करून परत फिरताना समोरच्या संघातल्या एका दांडग्या मुलीचा गुडघा रुचिताच्या डाव्या बरगड्यांखाली बसला. ती दोन मिनिटं वाकून बसली, उठली, आणि उरलेला सामना खेळून घरी आली. जेवताना तिला डावीकडे वळता येईना.

"मुका मार आहे," शकूच म्हणाली. तिनेच मलम चोळलं, तिनेच दुखण्याची गोळी दिली. "झोप. सकाळी बरं वाटेल."

रविवारी सकाळी दारावर थाप पडली नाही. सुट्टी घेतली असेल, म्हणून शकूने मनावर घेतलं नाही. दहाच्या सुमाराला राजरत्न खाली आला. मेघना भाचीच्या बारशाला नाशिकला गेली होती, घरात बाप-लेकच होते.

"ताई, जरा वर ये ना. रुची बाथरूममध्ये चक्कर येऊन बसली. मी धरली म्हणून, नायतर डोकंच आपटलं असतं."

रुचिता पलंगावर पडली होती. कपाळावर घाम, पंखा चालू असूनही. "आत्या, टेन्शन नको घेऊ. रात्री नीट जेवले नाही ना, म्हणून असेल." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण हा खांदा काय दुखतोय कळत नाही. इथे तर मारच लागला नव्हता." आणि तिने डावा खांदा चोळला.

शकूने तिचा हात हातात घेतला. तळहात गार आणि ओलसर होता. तिने राजरत्नला रिक्षा आणायला सांगितलं.

रिक्षाने मोहने, शहाड करत ते कल्याणला आले. राजरत्नच्या ओळखीचं एक तीस खाटांचं रुग्णालय होतं, तिथे नेलं. आपत्कालीन कक्षात एकच तरुण डॉक्टर होता, डॉ. अनिमेष. डोळे तांबारलेले, शनिवार सकाळपासून ड्युटीवर असावा. पण त्याने टाळाटाळ केली नाही. पोट दाबून बघितलं, बरगड्या चाचपल्या, रक्तदाब घेतला, ईसीजी काढायला लावला, दुखण्याचं इंजेक्शन दिलं, एका हाताला सलाइन लावलं आणि रुचिताच्या बोटाला मॉनिटरची चिमटी लावली.

"पल्स अठ्ठ्याहत्तर. बीपी एकशे चौदा. ईसीजी नॉर्मल," तो राजरत्नला म्हणाला. "स्नायूला मार आहे. एक-दोन दिवस ठेवून बघू. सोनोग्राफीवाले डॉक्टर आज रविवार म्हणून नाहीत. उद्या सकाळी करून घेऊ."

राजरत्नचा जीव भांड्यात पडला. "नॉर्मल आहे म्हणतात, ताई." तो पैसे भरायला खिडकीकडे गेला.

शकू पलंगाशेजारच्या स्टुलावर बसली आणि मॉनिटरकडे बघत राहिली. अठ्ठ्याहत्तर. पुस्तकात साठ ते शंभर नॉर्मल लिहिलेलं असतं, हे तिलाही माहीत होतं. पण या मुलीचे बावन्न असतात. बावन्नचे अठ्ठ्याहत्तर झाले म्हणजे दीडपट झाले, आणि तेही झोपून असताना. ही गोष्ट इथे कुणालाच माहीत नव्हती, कारण बावन्न बघितलेली एकटी शकूच होती.

दुखत असेल म्हणून वाढले असतील, तिने स्वतःला समजावलं. बारा वाजता आकडा चौऱ्याऐंशी झाला.

फाइल पलंगाच्या पायाशी अडकवलेली होती. ईसीजीची पट्टी वरच होती. शकूने इकडेतिकडे बघितलं, नर्स दुसऱ्या पेशंटपाशी होती. तिने पर्समधून औषधाच्या दुकानाची एक जुनी पावती काढली, तिची कड पट्टीवर ठेवली आणि पेनाने चार खुणा केल्या. कागद पुढे सरकवला. खुणा टोकांवर बसल्या. आणखी पुढे सरकवला. बसल्या. पट्टीच्या शेवटापर्यंत सरकवत नेला, केसाचाही फरक नव्हता.

तिने कागद शेवटापासून सुरुवातीकडे पुन्हा एकदा सरकवला.

"काय करतेस गं?" रुचिताने विचारलं.

"काही नाही. तुझा मोबाइल दे जरा."

स्टेटसचा तो जुना फोटो अजून गॅलरीत होता. शकूने तो मोठा करून बघितला. तिथे टोकं कशी मोकळी, कुठे जवळ कुठे लांब. आणि या पट्टीत एकामागे एक मोजून लावल्यासारखी. दोन्ही पट्ट्या एकाच मुलीच्या आहेत, यावर कुणी विश्वास ठेवला नसता.

"आत्या, पाणी देशील? फार तहान लागलीय," रुचिता म्हणाली आणि तिने जांभई दिली. लगेच दुसरी दिली.

डॉक्टरांनी तोंडाने काही द्यायचं नाही सांगितलं होतं. शकूने रुमालाचं टोक भिजवून तिच्या ओठांना लावलं, आणि बाहेर जिन्यापाशी येऊन डॉ. ओकांना फोन लावला.

फोन त्यांच्या सुनेने घेतला. ते जेवायला बसले होते. शकू म्हणाली, "वहिनी, उठवा त्यांना ताटावरून. माझं काम आहे." असं ती त्या घरात कधी बोलली नव्हती.

डॉक्टरांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे तिला जिन्यात मोठ्याने बोलावं लागलं. जाणारे-येणारे बघत होते. तिने शनिवारच्या सामन्यापासून सगळं सांगितलं.

"खांदा कुठला म्हणालीस?"

"डावा."

"आणि मार खांद्याला नाही."

"नाही. बरगडीखाली."

"जांभया?"

"सारख्या देतेय. पाणी मागतेय."

"शकू, मला तिच्या प्लीहेची काळजी वाटते. डाव्या कुशीत असते ती, तिला मार लागला की आत रक्त साचत जातं, आणि दुखतं मात्र डाव्या खांद्यात. तरुण माणसाचं शरीर फार चिवट असतं, बराच वेळ रक्तदाब पडू देत नाही. सगळ्यांना वाटतं ठीक आहे. आणि मग एकदम हात सोडतं. तिला उठवून बसवू नका. लघवीलासुद्धा नाही. आणि तिथल्या डॉक्टरला रोगाचं नाव सांगायला जाऊ नकोस, त्याला ते लागेल. आकडे सांग. वेळेसकट लिहून सांग."

"माझं चुकत असलं तर?"

"चुकलं तर एक सोनोग्राफी फुकट जाईल."

शकू परत आली तेव्हा मॉनिटरवर अठ्ठ्याऐंशी होते. तिने त्याच पावतीच्या मागे लिहायला सुरुवात केली. साडेअकरा, अठ्ठ्याहत्तर. बारा, चौऱ्याऐंशी. बारा वीस, अठ्ठ्याऐंशी. मुका मार म्हणून मलम चोळलं ते आपणच. रात्रभर ही पोर वर पडून होती आणि आपण खाली झोपलो होतो. हा विचार डोक्यात आला की ती पुन्हा आकड्याकडे बघायची. बारा चाळीस, चौऱ्याण्णव.

ती उठली, फाइल घेतली आणि डॉ. अनिमेषच्या टेबलापाशी गेली.

"डॉक्टर, मी पेशंटची आत्या. ईसीजी टेक्निशियन आहे, ठाण्याला. एक बघाल का?"

तो एका अपघाताच्या केसचे कागद लिहीत होता. "मावशी, सांगितलं ना, नॉर्मल आहे सगळं."

"तिचे नेहमी बावन्न असतात." तिने मोबाइलवरचा फोटो पुढे धरला. "ही फेब्रुवारीतली पट्टी. मीच काढलेली. आणि हे आजचे." पावती तिने टेबलावर ठेवली.

त्याने वर-वर नजर टाकली. "दुखण्याने वाढतो पल्स. घाबरल्यावरही वाढतो. हॉस्पिटलमध्ये सगळ्यांचाच वाढतो."

"दुखण्याचं इंजेक्शन देऊन तास होऊन गेला, डॉक्टर. दुखणं कमी झालं असं तीच म्हणतेय. तरी ठोके चढतायत. खाली एकदाही आले नाहीत." शकूने फाइलमधली पट्टी काढून पुढे ठेवली. "आणि श्वासाबरोबर जरासुद्धा हलत नाहीत. आताच्या पट्टीत सगळी अंतरं सारखी आहेत. ही बघा, कागद सरकवून बघा."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच शकूने डॉ. ओकांखेरीज कुणाला पट्टीत काय दिसतं ते सांगितलं होतं, आणि आता हा आपल्याला हाकलणार, असं तिला वाटलं. हाकललं तर काय करायचं, याचा विचार तिने केलाच नव्हता. इथून उचलून दुसरीकडे न्यायचं म्हटलं तर पोरीला हलवायचं नाही. ती तशीच टेबलाची कड धरून उभी राहिली.

तो उठला आणि रुचिताच्या पलंगाशी गेला. मॉनिटर एकशे दोन दाखवत होता. त्याने पुन्हा पोट दाबलं. सकाळी मऊ असलेली डावी बाजू आता रुचिताने आक्रसून घेतली. "खांदा दुखतो?" त्याने विचारलं. तिने मान हलवली. रक्तदाब एकशे सहा होता, अजून तसा चांगलाच.

"सिस्टर, दुसऱ्या हाताला मोठी सुई लावा," तो म्हणाला. "रक्तगटाला सॅम्पल पाठवा, लगेच." आणि खिशातून मोबाइल काढून त्याने सर्जनना फोन लावला. डॉ. हेमांगी परुळेकर डोंबिवलीला राहायच्या. शकूला त्याचं बोलणं तुटक तुटक ऐकू आलं. त्यात त्याने बावन्नचा आकडा सांगितला, हे तिने नीट ऐकलं.

"मॅडम निघाल्या," तो येऊन म्हणाला. "पाऊण तास लागेल. सोनोग्राफीचं छोटं मशीन वर ऑपरेशन थिएटरमध्ये आहे, ते खाली मागवतो, त्या स्वतःच बघतील."

पाऊण तास. शकू स्टुलावर बसली. राजरत्न आता उभा होता, बसायला तयार नव्हता. "ताई, काय झालंय नक्की? मला सांग ना." तिने सांगितलं. तो भिंतीला टेकला. "मी काल विचारलेलं तिला, डॉक्टरकडे जाऊ या का म्हणून. ती नको म्हणाली. मी पण मग सोडून दिलं."

"मीपण," शकू म्हणाली.

आकडा चढत होता. एकशे दहा. एकशे चौदा. रुचिता आता बोलत नव्हती, अधूनमधून डोळे मिटायची. शकू तिला जागं ठेवायला काहीबाही विचारत होती. सामन्यात किती गुण काढले? परवा कुठलं गाणं लावलं होतं? पोरगी एका शब्दात उत्तरं देत होती. सव्वा वाजता एकशे अठरा झाले.

आणि मग आकडा उतरायला लागला. एकशे दहा, शंभर, अठ्ठ्याऐंशी. मिनिटभरात पासष्टवर आला.

"ताई," राजरत्नचा चेहरा उजळला. "बघ, खाली आले. पासष्ट. सलाइनचा गुण आला बहुतेक." त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि मेघनाला फोन लावायला मोबाइल काढला.

शकूने रुचिताकडे बघितलं. ओठांचा रंग गेला होता. जांभया थांबल्या होत्या. डोळे अर्धे उघडे होते, पण ती कुठेच बघत नव्हती. एकदम हात सोडतं, असं डॉ. ओक म्हणाले होते. शकू उठून चार पावलांत डॉ. अनिमेषपाशी गेली आणि तिने त्याच्या कोटाची बाही धरली.

"एकशे अठरावरून पासष्ट," ती म्हणाली. "एका मिनिटात."

तो धावला. नंतरचं शकूला सलग आठवत नाही. रक्तदाबाचा पट्टा दोनदा फुगवला, दुसऱ्यांदा आकडा साठ आला. कुणीतरी पलंगाची पायाकडची बाजू वर केली. सिस्टरने सलाइनची पिशवी काढून शकूच्या हातात दिली. "मावशी, दोन्ही हातांनी दाबा. जोर लावून. थांबू नका."

शकूने दाबली. बोटं दुखायला लागली तरी दाबत राहिली. पिशवी रिकामी झाली की दुसरी. राजरत्न पलीकडे तशीच एक दाबत होता आणि रडत होता, त्याला ते पुसायला हात मोकळा नव्हता. शकूची नजर आकड्यावर होती. पासष्ट. साठ. अठ्ठावन्न. आता हा बावन्नवर जाईल, तिच्या मनात आलं, आणि बावन्न हा आकडा कधी इतका भयंकर वाटेल, हे तिला खरं वाटेना.

मग तो फिरला. सत्तर, नव्वद, एकशे पंचवीस. पळणाऱ्या माणसासारखं धापा टाकत हृदय पुन्हा चालायला लागलं. अर्ध्या तासापूर्वी चढता आकडा बघून तिचं रक्त गोठत होतं. आता तोच चढलेला बघून तिला रडू फुटलं.

डॉ. हेमांगी आल्या त्या गाडीची किल्ली हातातच घेऊन. पोटावर जेली ओतली, मशीनची कांडी फिरवली. पडद्यावर डाव्या कुशीत काळा पट्टा दिसला. त्यांनी कांडी खाली ओटीपोटाकडे नेली. तिथेही काळं.

"पोटात रक्त आहे. भरपूर," त्या म्हणाल्या. "वर न्या. वडील कोण? इथे सही करा."

लिफ्टचं दार बंद झालं आणि बाप नि आत्या जिन्याच्या पायऱ्यांवर बसले. मेघनाला फोन राजरत्ननेच केला, पण त्याला बोलता येईना, म्हणून मोबाइल शकूने घेतला. "ऑपरेशनला घेतलंय. तू निघ," एवढंच ती म्हणाली.

रक्तपेढीतून चार पिशव्या मिळाल्या, बदल्यात रक्त द्यायला माणसं हवी होती. तीनच्या सुमाराला संघातल्या सहा पोरी ट्रॅकपॅंटवरच आल्या. दोघींचं वजन कमी भरलं म्हणून त्यांना परत पाठवलं, तर त्या बाहेर फुरंगटून उभ्या राहिल्या. टिटवाळ्याची ती दांडगी मुलगीही आली होती. तिने रक्त दिलं आणि कोपऱ्यात खाली मान घालून बसली. शकूने तिला बिस्किटं नेऊन दिली. "खेळात होतं असं," ती म्हणाली. मुलीने बिस्किटं हातात धरून ठेवली, खाल्ली नाहीत.

पावणेचारला डॉ. हेमांगी बाहेर आल्या. प्लीहा दोन ठिकाणी फाटली होती, काढून टाकावी लागली. पोटातून पावणेदोन लिटर रक्त निघालं. "आणखी अर्धा तास गेला असता, तर मी काही करू शकले नसते," त्या राजरत्नला म्हणाल्या. शकू तिथेच उभी होती, पण तिच्यापर्यंत ते वाक्य पोचायला वेळ लागला.

संध्याकाळी डॉ. अनिमेष ड्युटी संपवून निघाला होता, तो तिला शोधत आला. "मावशी, ती कागदाची खूण करायची कशी, पुन्हा दाखवाल?" तिने दाखवली. त्याने दोनदा करून बघितली. मग म्हणाला, "पहिल्यांदा आलात तेव्हा मला राग आलेला तुमचा."

"माहीत आहे," शकू म्हणाली.

रुचिता दहा दिवसांनी घरी आली. प्लीहा नाही म्हणून काही लसी घ्याव्या लागल्या, ताप आला तर अंगावर काढायचा नाही, अशी सक्त ताकीद मिळाली. त्या वर्षीची भरती हुकली. कबड्डी वर्षभर बंद. पोरगी एक दिवस खूप रडली, मग रडायची थांबली आणि भरतीची पुस्तकं घेऊन बसली.

शकूची भीती मात्र गेली नाही. दवाखान्यात परत रुजू झाल्यावर पहिल्याच दिवशी एका धडधाकट माणसाची पट्टी तिने पाच वेळा काढली. तो वैतागला. डॉ. ओकांना भेटायला गेली, तेव्हा ते म्हणाले, "तू बरोबर होतीस." तिला त्याने बरं वाटायला हवं होतं. तिला आठवत होतं ते मलम. ते त्यांना सांगितल्यावर ते म्हणाले, "शनिवारी रात्री मीही मलमच दिलं असतं."

घरी ती सकाळ-संध्याकाळ वर जायची आणि गप्पा मारता मारता रुचिताचं मनगट धरायची. सुरुवातीला पोरगी हसायची. मग हात काढून घ्यायला लागली. डिसेंबरात तिने पुन्हा पळायला सुरुवात केली, डॉक्टरांना विचारूनच, पण आत्याला न सांगता. दारावर थाप न मारता ती हळूच जिना उतरायची. शकूला ते कळलं आणि जिन्यातच दोघींची जुंपली.

"मला विचारलंस का?"

"विचारलं असतं तर जाऊ दिलं असतंस? आत्या, तू माझ्याकडे बघतेस ना, तेव्हा मला वाटतं मी अजून त्या पलंगावरच आहे."

चार दिवस शकू वर गेली नाही. चौथ्या दिवशी रात्री जेवण झाल्यावर रुचिताच खाली आली, आत्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मला तुझी बोटं लागली की भीती वाटते. तुला काय वाटतं?"

"मलाही तीच," शकू म्हणाली. "पण नाही धरलं तर जास्त वाटते."

असा तोडगा निघाला की फक्त रविवारी. रविवारी दहा वाजता रुचिता खाली येते, आत्याकडे चहा पिते आणि डावा हात पुढे करते. शकू घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजते. मध्ये कुणी बोलत नाही. गेल्या रविवारी छपन्न होते. अजून पहिल्यासारखे झाले नाहीत, पण श्वासाबरोबर कमी-जास्त होतात. शकू आकडा कुठे लिहून ठेवत नाही. हात सोडते आणि विचारते, "पोहे घेशील?"